यवन म्हणजे कोण?

नाशिकच्या पांडवलेण्यांत तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत एक लांबलचक शिलालेख आहे. राजमाता गौतमी बलश्रीने तो आपला नातू पुळुमावी याच्या राज्याच्या 19व्या वर्षी कोरवून घेतला. दिवंगत मुलाची, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीची, थोरवी सांगताना ती त्याला शक, यवन आणि पल्हव यांचा निःपात करणारा म्हणते. सातवाहनांवरचे कोणतेही पुस्तक उघडा, हे बिरुद हटकून भेटते.

त्याच कड्याच्या कडेकडेने पुढे गेले की सतरावे लेणे लागते. तिथल्या लेखाकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त याने तो कोरवला आहे. हा माणूस उत्तरेकडचा, दात्तामित्री गावचा. आपल्या आईवडिलांसाठी त्याने या त्रिरश्मी डोंगरात लेणे खोदवले, आत चैत्यगृह केले, पाण्याच्या पोढी खोदवल्या आणि धम्मरखित या आपल्या मुलासह हे सगळे भिक्षुसंघाला अर्पण केले. स्वतःची ओळख तो ‘योणक’ अशी करून देतो. योणक म्हणजेच यवन.

एकाच डोंगरात एक लेख यवनांचा संहार केल्याचे अभिमानाने सांगतो आणि दुसरा लेख यवनाने केलेल्या दानाची नोंद ठेवतो. या दोघांच्या मधल्या दहाव्या लेण्यात शक क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याची दाने कोरलेली आहेत. म्हणजे ज्यांना मारल्याची ग्वाही तिसरे लेणे देते, त्यांच्याच गणगोताने शेजारची लेणी उभी केली. मराठी वाचकाच्या कानाला मात्र ‘यवन’ म्हटले की एकच अर्थ ऐकू येतो. बखरी, पोवाडे, ऐतिहासिक कादंबऱ्या आणि नाटके यांतून तो पक्का झाला आहे: यवन म्हणजे मुसलमान, बहुधा शत्रुपक्षाचा. हा अर्थ या शब्दाच्या आयुष्यात फार उशिरा आला. त्याआधी निदान दीड हजार वर्षे तो या देशात वावरत होता आणि त्याचा उगम तर एजियन समुद्राच्या काठी, एका ग्रीक जमातीच्या नावात आहे.

त्या जमातीचे नाव ग्रीकमध्ये ‘इओनेस’, म्हणजे आयोनियन. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर मिलेटस, एफेसस यांसारखी त्यांची 12 शहरे होती, असे हिरोडोटस सांगतो. अथेन्सचे लोकही स्वतःला याच वंशाचे मानत. ‘इओनेस’ हे रूप आखडलेले आहे. होमरच्या इलियडमध्ये या लोकांचा उल्लेख एकदाच, तेराव्या सर्गात येतो. पायघोळ वस्त्रे नेसणारे असे त्यांचे वर्णन आहे आणि तिथे रूप आहे ‘इआओनेस’. त्याहूनही जुने रूप क्रीट बेटावरच्या नोसॉसच्या मातीच्या पाट्यांवर सापडले. मायकेल व्हेंट्रिसने 1952 साली ती लिपी उलगडली, तेव्हा ‘इ-ज-वो-ने’ अशी चार अक्षरे वाचता आली. त्या पाट्या ख्रिस्तापूर्वी तेरा-चौदाशे वर्षांच्या आहेत. म्हणजे मूळ शब्दात ‘व’ होता. आयोनियनांच्या स्वतःच्या बोलीतून हा ‘व’ पुढे झिजून गेला. आपल्या ‘यवन’ शब्दात तो आहे. तो त्या प्राचीन उच्चाराचा वारसा आहे, की प्राकृत ‘योन’वरून संस्कृत पंडितांनी मागाहून घडवला, यावर भाषाशास्त्रज्ञांत एकमत नाही. ग्रीकांनी मात्र या नावासाठी एक पूर्वज कल्पून ठेवला होता, आयन नावाचा राजपुत्र. युरिपिडीसने त्याच्यावर नाटकही लिहिले. आपल्याकडे महाभारताने तेच केले. तिथे एके ठिकाणी यवन ययातीच्या तुर्वसू या मुलाचे वंशज ठरतात, तर दुसरीकडे वसिष्ठांच्या कामधेनूपासून जन्मतात. परक्या नावाला आपल्या वंशवृक्षात बसवून घेण्याची ही रीत दोन्हीकडे सारखीच होती.

एका जमातीचे नाव सगळ्या ग्रीकांना लागले ते शेजाऱ्यांमुळे. ग्रीक स्वतःला हेलेनेस म्हणत, आजही म्हणतात. पण पूर्वेकडून येणाऱ्याला आधी भेटायचे ते किनाऱ्यावरचे आयोनियन. फ्रँक लोकांवरून अरबांनी आणि इराण्यांनी सगळ्याच युरोपीयांना ‘फिरंगी’ केले आणि आपण तो शब्द पोर्तुगिजांना आणि त्यांच्या सरळ पात्याच्या तलवारीला लावला, तसाच हा प्रकार. इसवी सनपूर्व आठव्या शतकातल्या अ‍ॅसिरियाच्या कागदपत्रांत समुद्रातून येऊन लूट करणारे ‘यमन’ किंवा ‘यवन’ दिसतात. दुसऱ्या सार्गोनने तर त्यांना समुद्रातून माशांसारखे पकडल्याची बढाई मारली आहे. हिब्रू बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात नोहाच्या नातवाचे नाव ‘यावान’ आहे आणि आजच्या हिब्रूतही ग्रीस म्हणजे यावान. इराणी सम्राटांनी हाच शब्द ‘यौन’ असा लिहिला. बेहिस्तूनच्या कड्यावर पहिल्या दारयवहूने आपल्या ताब्यातल्या देशांची यादी कोरवली आहे, तिच्यात यौन आहे. ग्रीकांनाही हे ठाऊक होते. एस्किलसने इसवी सनपूर्व 472 साली ‘पर्शियन्स’ हे नाटक रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यातल्या इराणी पात्रांच्या तोंडी ग्रीकांसाठी हेच नाव घातले.

हा शब्द भारतात कसा आला, हे समजायला दारयवहूचाच एक लेख उपयोगी पडतो. सुसा इथला राजवाडा कुणी आणि कशाने बांधला याचा तो तपशीलवार हिशेब आहे. देवदाराचे सोट बॅबिलोनहून सुसाला आणणाऱ्यांत यौन होते, दगड घडवणारे पाथरवटही यौन होते. त्याच लेखात वाड्यासाठी हस्तिदंत कुठून आले ते सांगताना हिंदूश, म्हणजे सिंधूकाठचा प्रदेश, येतो. अलेक्झांडर जन्माला यायच्या दीडएकशे वर्षे आधी ग्रीक पाथरवटाचे हात आणि भारतातला हस्तिदंत एका बांधकामावर एकत्र आले होते. गांधार आणि सिंधूकाठ त्या साम्राज्याचे सुभे होते. तेव्हा ग्रीकांचे हे इराणी नाव अलेक्झांडरच्या घोड्यांच्या टापांबरोबर आले असे समजण्याचे कारण नाही. सिंधूच्या पश्चिमेला, शलातुरला राहणाऱ्या पाणिनीला ते माहीत होते. ‘यवन’ शब्दाचे स्त्रीलिंगी रूप कसे होते हे त्याच्या चौथ्या अध्यायातल्या सूत्रात आहे, आणि ‘यवनानी’ म्हणजे यवनांची लिपी, असा खुलासा पुढे कात्यायनाने केला. पतंजलीच्या वेळी यवन आणखी जवळ आले होते. घडलेली गोष्ट बोलणाऱ्याने पाहिलेली नसली, तरी त्याच्या हयातीत घडल्यामुळे पाहता आली असती. अशा वेळी कोणता भूतकाळ वापरावा, हे सांगताना तो उदाहरणे देतो ती यवनांनी साकेताला आणि मध्यमिकेला वेढा घातल्याची. व्याकरणातल्या एका उदाहरणावर इतिहासकारांनी पुढे ग्रीक स्वारीची तारीख बसवली.

अशोकाच्या शिलालेखांत प्राकृत रूप येते: योन. तेराव्या लेखात योनराज अंतियोक आहे, म्हणजे सीरियाचा अँटायोकस. त्याच्या पलीकडचे आणखी चार ग्रीक राजे आहेत. आणि ब्राह्मण व श्रमण जिथे नाहीत असा योनांवाचून दुसरा देश नाही, असे एक नेमके निरीक्षणही आहे. अशोकाच्या या लेखमालेचे दोन तुकडे आपल्या नालासोपाऱ्यालाही मिळाले, आठव्या लेखाचा भगवानलाल इंद्रजींना 1882 साली आणि नवव्याचा 1956 साली. श्रीलंकेचा महावंस सांगतो की अशोकाच्या काळात धर्मप्रसारासाठी अपरांतात, म्हणजे कोकणपट्टीत, जो भिक्षू पाठवला गेला तो योनक होता आणि त्याचे नाव धम्मरक्खित. नाशिकच्या इंद्राग्निदत्ताच्या मुलाचेही हेच नाव. दोघांचा संबंध जोडायला पुरावा नाही, पण बौद्ध झालेल्या यवनांना हे नाव आवडत असावे असे मानायला हरकत नाही.

मात्र त्या काळीही हा शब्द काटेकोर नव्हता. गिरनारच्या पायथ्याच्या सुदर्शन तलावाला अशोकाच्या वतीने पाट काढले ते ‘यवनराज तुषास्फ’ याने, असे इसवी सन 150 च्या रुद्रदामनाच्या लेखात आहे. तुषास्फ हे नाव धडधडीत इराणी वळणाचे आहे. वायव्येकडून आलेला, परक्या चालीरीतींचा माणूस एवढ्यावरही त्याला यवन म्हटले जाऊ शकत होते.

मध्य प्रदेशात विदिशेजवळ बेसनगरला एक दगडी खांब आहे. गावकरी त्याला खामबाबा म्हणत आणि शेंदूर फासून पूजा करत. 1877 साली अलेक्झांडर कनिंगहॅमने तो पाहिला, पण शेंदराची पुटे इतकी जाड होती की खाली अक्षरे आहेत याचा पत्ता लागला नाही. 1909 साली शेंदूर खरवडल्यावर ब्राह्मी लेख उघडा पडला. देवदेव वासुदेवाचा हा गरुडध्वज तक्षशिलेच्या हेलिओदोराने, दियाच्या मुलाने, उभारला; राजा अंतलिकिताकडून भागभद्र राजाच्या दरबारी आलेला तो ‘योनदूत’ होता आणि स्वतःला भागवत म्हणवत होता. ग्रीक वकील, विष्णुभक्त, आणि दोन हजार वर्षांनी त्याच्या खांबाला शेंदूर. धर्म आणि जात यांचे आजचे कप्पे त्या खांबाला लावून पाहिले तर एकही बसत नाही.

मिनँडर हा या योनकांतला सर्वांत नावाजलेला राजा. पालीत तो मिलिंद झाला आणि भिक्षू नागसेनाशी झालेल्या त्याच्या प्रश्नोत्तरांचा ग्रंथ ‘मिलिंदपञ्ह’ म्हणून अमर झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 साली औरंगाबादेत सुरू केलेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद महाविद्यालय हे नाव मिळाले आणि त्याच्या परिसराला नागसेनवन. संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगाही होतो, त्यामुळे मराठी घरांतल्या सगळ्याच मिलिंदांचे मूळ ग्रीक म्हणता येणार नाही. पण अनेकांचे आहे, आणि ते जाणून ठेवलेले आहे.

आता पश्चिम किनाऱ्याकडे यावे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तहून येणाऱ्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने सागरप्रवासाची टिपणे लिहिली, ती ‘पेरिप्लस’ नावाने ओळखली जातात. त्यांत पैठण आणि तेर ही घाटमाथ्याची मोठी पेठेची गावे आहेत, सोपारा आणि कल्याण ही बंदरे आहेत. भडोचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनँडर यांची ग्रीक अक्षरांची जुनी नाणी तेव्हाही चालत होती, असे तो लिहितो. कल्याणची तक्रारही करतो: तिथे आता सत्ता बदलली आहे, चुकून एखादे ग्रीक जहाज बंदरात शिरले तर पहारा बसवून त्याला भडोचला नेतात. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या झगड्यात व्यापाऱ्याची कशी ओढाताण होत होती, हे त्या दोन ओळींत कळते. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर 1940च्या दशकात उत्खनन झाले. तिथे पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची छोटी मूर्ती मिळाली. समुद्रापासून इतक्या आत, पंचगंगेच्या काठी, समुद्राचा देव मिळावा, हा त्या व्यापाराचा सर्वांत बोलका पुरावा आहे.

हे व्यापारी ज्या घाटांनी वर चढत, त्यांच्याच तोंडाशी लेणी आहेत. जुन्नरला तीन यवन दाते भेटतात. इरिलाने पाण्याच्या दोन पोढी दिल्या. चिताने संघासाठी भोजनमंडप दिला. चंदाने चैत्याचा दर्शनी भाग दिला. इरिल आणि चित यांच्या नावापुढे ‘गतानं’ असा शब्द आहे. तो कुळाचा की प्रदेशाचा, यावर बराच खल झाला आहे. दानांकडे नीट पाहिले तर या माणसांची समज दिसते. उन्हाळ्यात जुन्नरच्या कातळावर जो चढला असेल त्याला पाण्याच्या टाक्याची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही.

कार्ल्याच्या चैत्यात तर यवनांची रांगच आहे. सुमारे 38 मीटर लांब आणि 14 मीटर उंच असे हे कातळात कोरलेले डौलदार दालन वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने पुरे केले. जंबुद्वीपात याहून उत्तम शैलगृह नाही, असे तो लेखात निःसंकोच सांगतो आणि आत उभे राहिल्यावर त्याचे म्हणणे पटते. खांबांची तळाशी घटाकृती बैठक, मध्ये अष्टकोनी दांडा, वर हत्तींवर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी. दांड्यांच्या सपाट पैलूंवर दात्यांच्या नावांच्या छोट्या ओळी आहेत. एक खांब सोपाऱ्याच्या सातिमित या भाणकाचा, म्हणजे सूत्रे म्हणून दाखवणाऱ्या भिक्षूचा. दाराचे काम धेनुकाकटच्या सामि नावाच्या सुताराचे. आणि त्याच धेनुकाकटचे यवन: सिहधयाचा खांब, यसवधनाचा खांब, धम्म नावाच्या यवनाचा खांब. सिहधय म्हणजे सिंहध्वज, यसवधन म्हणजे यशोवर्धन. नावे अस्सल इथली, भाषा इथली प्राकृत, लिपी ब्राह्मी, धर्म बौद्ध. परकेपणाची खूण उरली ती ‘यवन’ या एका शब्दापुरती, आणि तीही त्यांनी आपणहून कोरून ठेवली. हे लोक रक्ताने ग्रीक होते, की ग्रीक व्यापाऱ्यांशी व्यवहार करणारे इथलेच, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. धेनुकाकट कुठे होते यावरही आहेत. दामोदर धर्मानंद कोसंबींनी ते कार्ल्याच्या परिसरातच शोधले. काहीही असो, सुताराच्या, भाणकाच्या आणि श्रेष्ठीच्या शेजारी आपले नाव लावताना ‘यवन’ म्हणवून घेण्यात त्यांना कमीपणा वाटत नव्हता, एवढे पक्के.

विद्वानांच्या जगातही हा शब्द आदराने घेतला जाई. स्फुजिध्वजाच्या ‘यवनजातक’ या ग्रंथाने ग्रीक जातकशास्त्र संस्कृतात आणले. होरा, केंद्र, द्रेष्काण, जामित्र हे शब्द ग्रीकमधून आले. वराहमिहिराने बृहज्जातकात मेषाला ‘क्रिय’ आणि वृषभाला ‘तावुरि’ म्हटले, तेही ग्रीकच. यवन म्लेंच्छ खरे, पण हे शास्त्र त्यांच्यापाशी नीट आहे म्हणून त्यांना ऋषींसारखा मान मिळतो, असे त्याने सहाव्या शतकात स्पष्ट लिहून ठेवले. रोज ‘केंद्र सरकार’ म्हणणाऱ्यांना ही उसनवारी आठवतही नाही. नाटकातली ‘यवनिका’ मात्र वादात सापडली. तिच्यावरून संस्कृत रंगभूमी ग्रीकांकडून आली असा तर्क काही युरोपीय पंडितांनी लढवला. पण प्राचीन ग्रीक रंगमंचावर असा पडदाच नव्हता. परदेशी कापडाचा पडदा, एवढाच अर्थ जास्त पटतो.

मग यवन मुसलमान कसा झाला? समुद्राने किंवा वायव्येच्या खिंडींतून येणारा परका, या अर्थाची सवय भाषेला होतीच. आठव्या शतकानंतर त्या वाटांनी अरब आणि तुर्क येऊ लागले, तेव्हा रिकामे पडलेले नाव त्यांना मिळाले. केरळातले ‘जोनक’ माप्पिळा आणि तमिळ मुलखातले ‘सोनकर’ हे मुसलमान व्यापारी समाज योनकाचेच नाव मिरवतात आणि त्यात शत्रुत्वाचा वास नाही. विजयनगरचा कृष्णदेवराय तर स्वतःला ‘यवनराज्यस्थापनाचार्य’, म्हणजे यवनांचे राज्य पुन्हा स्थापून देणारा, असे बिरुद लावत होता. मराठीत सतराव्या शतकात शब्दाला धार आली, कारण काळच लढाईचा होता. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त आदिलशाही फौजेसाठी यवन शब्द येतो. शिवाजी महाराजांनी करवून घेतलेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’च्या प्रस्तावनेत कारभारात शिरलेल्या फारसी शब्दांना यवनवचने म्हटले आहे. पुढच्या पिढ्यांनी तेवढा अर्थ ठेवला आणि बाकीचे विसरून गेले.

गंमत अशी की त्याच फारसीतून मूळ शब्द मराठीत दुसऱ्यांदा आला आणि त्याचा ग्रीक अर्थ शाबूत राहिला. इराणी ‘यौन’चे पुढे ‘यूनान’ झाले आणि ग्रीकांचे वैद्यक ते युनानी. हकीम ज्यांना बुक्रात आणि जालीनूस म्हणतात, ते म्हणजे हिपोक्रॅटिस आणि गेलन. म्हणजे मराठीत ‘यवन’ मुसलमानाला आणि ‘युनानी’ ग्रीक वैद्यकाला, अशी एकाच नावाची उलटसुलट वाटणी झाली.

म्हणून जुन्या मजकुरात यवन दिसला की आधी शतक पाहावे, मगच अर्थ लावावा. विशेषतः शाळेची पुस्तके लिहिणाऱ्यांनी. आणि एकवीरा आईच्या दर्शनाला दरवर्षी जे लाखो भाविक कार्ल्याचा डोंगर चढतात, त्यांनी मंदिरालगतच्या चैत्यात शिरून ते खांब जरूर पाहावेत. दात्यांची नावे देवनागरीत लिहून खांबाखांबाशी लावायला फारसा खर्च येणार नाही. सिहधय, यसवधन आणि धम्म ही नावे आपल्या लोकांना वाचता आली पाहिजेत. ती याच मातीत, इथल्याच भाषेत कोरलेली आहेत.